साक्षगंधाच्या ट्यूबा

२७ ऑक्टोबर १९४९, गुरुवार

अकोल्याहून खोकं आलं. गाडीतून उतरवताना बाबांनी विचारलं, बंदुका आणल्या काय. खोक्यावर अमेरिकन फौजेचे शिक्के आहेत, त्यामुळे त्यांचं अगदीच चुकलं असं म्हणता येत नाही. लढाई संपल्यावर फौजेचा उरलासुरला माल लिलावात निघाला, त्यातलाच हा. आत भुशात ठेवलेल्या काचेच्या पांढऱ्या नळ्या, दोन-दोन फुटांच्या. ट्यूबलाईट. अमरावतीत अजून बोटांवर मोजण्याइतक्या जागी ती लागली आहे आणि आमच्या माळीपुऱ्यात तर कुणी पाहिलेलीही नाही. आजपासून लिहून ठेवतो आहे, कारण धंदा चालला तर पुढे कुणीतरी विचारेलच की भगवंतरावांनी सुरुवात कशी केली.

ट्यूब बल्बासारखी सरळ तारेला लावता येत नाही. तिला चोक लागतो. काळं लोखंडी डबडं, आत तारेचं वेटोळं आणि वरून डांबर ओतून बंद केलेलं. चोक नसला की ट्यूब अधाशासारखी वीज ओढते आणि मरते. बाबांना मळ्यातलं उदाहरण देऊन सांगितलं, की वाफ्याच्या तोंडाशी आपण माती लावून पाणी बेतानं सोडतो ना, तसाच हा चोक. बाबा म्हणाले, मग माती लावणारा माणूस शहाणा पाहिजे. टोमणा मारल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.

अडचण एवढीच की चोकवर ११८ व्होल्ट, ६० सायकल असं लिहिलंय आणि आपली लाईन २३० ची, ५० सायकलची, म्हणजे वीज सेकंदाला पन्नासदा हेलकावे घेते. पण त्यात काय मोठंसं? लग्नाच्या मांडवात एकशे दहाचे बल्ब आम्ही जोडीनंच लावतो. एकातून निघालेली तार दुसऱ्यात, म्हणजे दोघांत वीज निम्मी निम्मी. गावातला प्रत्येक फिटर हेच करत आला आहे. ट्यूबाही जोडीनं लावू.

२ नोव्हेंबर, बुधवार

अंबागेटजवळच्या माझ्या दुकानात एक जोडी लावून पाहिली. दोन-तीनदा लुकलुकली आणि मग असा उजेड पडला की समोरच्या पानठेल्यावरची माणसं विडा हातात धरूनच आत आली. संध्याकाळभर चालू ठेवली. चोकवर हात ठेवला तर चटका बसला, पण चोक तापतोच. दोघांपैकी एक जरा जास्त तापत होता. खोक्यात चोक दोन प्रकारचे आहेत. डबडी सारखीच, पट्टीवरचे आकडे वेगळे. कंपनी वेगळी असेल.

धाकट्या बहिणीचं, सुभद्राचं साक्षगंध (पुण्याकडे साखरपुडा म्हणतात ते) ठरलं, तुळशीची लग्नं उरकल्यावर, तेरा तारखेच्या रविवारी. अकोल्याच्या खुशालरावांचा मुलगा, चंद्रभान. मोर्णेच्या काठी त्यांची बाग आहे, बाजारात फळांचं दुकान आहे. वामनमामांनी मध्यस्थी केली. माय इतकी खूश आहे की सुभद्राला मळ्यात फुलं तोडायलाही जाऊ देत नाही, ऊन लागेल म्हणते. इतकी वर्षं तिला ऊन लागत नव्हतं वाटतं.

साक्षगंधाच्या मांडवात मी ट्यूबा लावणार आहे. मनात दुसरंही आहे, इथे लिहायला हरकत नाही. जिनिंगवाले उत्तमराव येणार आहेत. त्यांना जिनिंगच्या ऑफिसात आणि कापसाच्या कोठ्यात नवे दिवे लावायचे आहेत. हे एक काम मिळालं की माझं दुकान गावात दुकान म्हणून ओळखलं जाईल. बहिणीच्या साक्षगंधात धंदा पाहणं बरं दिसत नाही, पण ते कुणाला दिसणार आहे?

दुर्गा दुकानात डबा घेऊन आली, तेव्हा ट्यूबखाली उभी राहून आरशात पाहत होती. म्हणाली, या उजेडात कुंकू काळं दिसतं, बायकांना आवडणार नाही. बायकोला कौतुक कधी जमलं नाही.

१४ नोव्हेंबर, सोमवार

कालचं लिहितो. टाळलं तर टाळतच राहीन.

अकोल्याची मंडळी दुपारच्या गाडीनं आली. दिवेलागणीला मी बटण दाबलं तेव्हा मांडवात एकदम शांतता झाली आणि मग सगळे बोलायला लागले. आळीतली माणसं कुंपणाशी गोळा झाली. उत्तमराव पुढच्या गादीवर होते. सगळ्यांत चांगली जोडी मी मुद्दाम पाटाच्या बरोबर वर बांधली होती, सुभद्रावर उजेड पडावा म्हणून.

नवऱ्या मुलाची आई गोदाबाई ओटी भरायला उठल्या आणि जोडीतली एक ट्यूब बसली. तिची दोन्ही टोकं नुसती लाल, मधे अंधार. दुसरी मात्र गरजेपेक्षा जास्त पेटली. मला दिसत होतं. तेव्हाच बटण बंद करायला हवं होतं. पण उत्तमराव नेमके वर पाहून शेजारच्याला काहीतरी कौतुकाचं सांगत होते, आणि मी जागचा हललो नाही.

गोदाबाईंनी नारळ घातला, हळकुंड घातलं, तांदळाची ओंजळ टाकली. वरून काळा थेंब पडला. पहिला सुभद्राच्या मनगटावर, दुसरा ओटीतल्या पांढऱ्या तांदळावर. सुभद्रानं पदर दोन्ही हातांनी धरला होता, तो तसाच धरून ठेवला. हूं नाही की चूं नाही. मागून कुणीतरी बाई म्हणाली की ओटीत काळं पडलं, आणि ते वाक्य मांडवभर फिरलं.

गोदाबाईंनी वर पाहिलं, मग माझ्याकडे. "भगवंतराव, हे काय पडलं जी?"

मला माहीत होतं. गरम डांबराचा वास मला ओळखता येत नाही असं कसं होईल? पण उत्तमराव ऐकत होते. मी म्हणालो, "मांडवाच्या पाल्यातून काही पडलं असन. दिव्याचं तं काही नाही."

सगळ्यांनी वर पाहिलं. आंब्याचा पाला सकाळीच बांधलेला, हिरवागार. त्यातून काळं काय पडणार? हे कुणी मोठ्यानं म्हणालं नाही, पण बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मी ती जोडी बंद केली, बाकीच्यांवर भागवलं. साखर वाटली, पानसुपारी झाली. गोदाबाईंनी जेवताना दोन घास खाल्ले आणि हात धुतला. जाताना उत्तमरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून जिनिंगवर येऊन जायला सांगितलं. मला आनंद झाला. हे लिहायची लाज वाटते, पण झाला.

पाहुणे गेल्यावर सुभद्रानं आतून रॉकेल मागितलं, दुर्गानं बाटली दिली. चिमणीत घालायचं असेल. मनगटाला फोड आला आहे, त्याला मायनं खोबरेल लावलं. मायला वाटतं समईचा चटका बसला.

१६ नोव्हेंबर, बुधवार

दुकान बंद ठेवून तो चोक उघडला. तळाची शिवण उकलली होती आणि डांबर ओघळून वाळलं होतं. मुंबईच्या एका कंपनीचा फिरता एजंट सध्या गावात उतरला आहे, त्याला नेऊन दाखवला. ओटीचं काही सांगितलं नाही. तो आधी हसला, मग समजावत बसला.

ट्यूबच्या लांबीप्रमाणे वॅट आणि वॅटप्रमाणे चोक. दीड फुटीला पंधरा वॅट, दोन फुटीला वीस, चार फुटीला चाळीस. दीड फुटीचा चोक दोन फुटीला लावला तर त्याच्या अंगाला न झेपणारी वीज त्याच्यातून जाते आणि तो तापतो. माझ्या पट्टीवरचे वेगळे आकडे म्हणजे वेगळी कंपनी नव्हती. तो पंधराचा चोक होता, शेजारचा विसाचा, आणि मी दोघांची जोडी लावली होती. वर साठ सायकलचा चोक पन्नासवर घातला की तो आणखी सैल सोडतो. आणि बल्बाची जोडी म्हणजे ट्यूबची जोडी नव्हे. बल्बातला एक गेला तर दुसराही मुकाट विझतो. ट्यूबमधली एक बसली आणि तिचा स्टार्टर, म्हणजे तिला पेटवणारी छोटी डबी, चिकटला, तर तिच्या वाटचा भार दुसरीच्या गळ्यात पडतो.

हे सगळं कळल्यावर मला बरं वाटलं. कारण सापडलं की माझं डोकं शांत होतं. घरी आलो तर सुभद्रा मळ्यात गेली होती. मायनं या वेळी उन्हाचं काही म्हटलं नाही.

१९ नोव्हेंबर, शनिवार

वामनमामा अकोल्याहून निरोप घेऊन आले. खुशालरावांचं म्हणणं, लग्नाची घाई नको. गोदाबाईंच्या मनानं घेतलं आहे. पाला हिरवा, आभाळ कोरडं, आणि पोरीच्या ओटीत काळं येतं कुठून? त्यांनी कुणाला तरी विचारलं, त्यानं सांगितलं की मुलीला काहीतरी आडवं येतं आहे. मामा हे सांगताना जमिनीकडे पाहत होते.  बाबा गोठ्यात जाऊन बैलाला उगाच ओरडले.

माय सुभद्राला मारुतीला तेल वाहायला घेऊन गेली. सुभद्रानं एकदाही विचारलं नाही कशासाठी. मी तिथेच होतो. तोंड उघडलं होतं, पण शब्द वेगळाच निघाला. मामांना म्हणालो, चहा घेता काय.

२३ नोव्हेंबर, बुधवार

उत्तमरावांनी काम दिलं. ऑफिस, काटा आणि कापसाचा कोठा. मी स्पष्ट सांगितलं की फौजेचा माल लावणार नाही. मुंबईहून २३० चे, पन्नास सायकलचे, चार फुटीचे चोक मागवीन आणि चार फुटीच ट्यूब. कापसावर डांबर पडलं तर काय होईल, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला होता. उत्तमराव म्हणाले, एवढा चोख माणूस फिटरांत पहिल्यांदा पाहिला. त्यांनी साक्षगंधाच्या दिव्यांचं विचारलं नाही, मीही काढलं नाही.

जेवताना सुभद्रानं वाढता वाढता विचारलं, उत्तमरावांनी दिवे घेतले काय. घेतले म्हणालो. तिला बरं वाटलेलं दिसलं. लहान आहे अजून, तिला या गोष्टींचं कौतुक वाटतं.

२७ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं त्याला मी तयार नव्हतो. आमच्या घरचे हार म्हणजे निम्म्या गावाच्या लग्नांचे हार. शेवंतीचे मायनं आणि सुभद्रानं गुंफलेले. वरच्या आळीतल्या लग्नघरची बाई सकाळी आली. गोड बोलत होती, पाणीसुद्धा प्याली. मग मायला म्हणाली की वरमाळा तेवढ्या तुम्ही स्वतः करा, पोरीचा हात लागू देऊ नका.

सुभद्रा तिथेच सुई घेऊन बसली होती. अर्धा झालेला हार तिनं मायच्या टोपल्यात ठेवला आणि सुई भिंतीला टोचून उठली. लहानपणी मी तिला पाटीत बसवून मळ्यात न्यायचो. तेव्हापासून तिच्या हातात फूल नाही असा दिवस मी पाहिलेला नाही.

मला माझी शिसारी आली. उठून त्या बाईच्या मागे जायला हवं होतं. चपलाही घातल्या. मग वाटलं, तिला चोक म्हणजे काय ते कळणार आहे का, आणि ती जाऊन काय सांगेल, बाबांचं नाव घेऊन हेच ना, की नत्थुजींच्या पोराच्या दिव्यातून डांबर गळतं. उत्तमरावांचा माल अजून मुंबईहून निघालाही नाही. चपला काढल्या.

४ डिसेंबर, रविवार

माल आला. ट्यूब चार फुटी, चोक चाळीस वॅटचे. प्रत्येक पट्टी दोनदा वाचली. आता माझ्या कामात खोट काढून दाखवावी कुणी.

मामा सांगत होते की खुशालराव नेरपिंगळाईला एक मुलगी पाहून आले.

संध्याकाळी दुर्गा माझं दुकानातलं धोतर, चोक उघडला तेव्हाचं, धुवायला घेऊन गेली आणि तसंच परत घेऊन आली. दार लोटून घेतलं.

"ओटीत काय पडलं ते तुमाले माहीत हाये," ती म्हणाली. "मले बी माहीत हाये. धोतराले त्याचा वास येते. मंग हे पोरीच्या माथी काहून?"

मी म्हणालो की उत्तमरावांचं काम हातावेगळं होऊ दे, मग सगळं निस्तरतो. अर्ध्या कामातून उत्तमराव मला हाकलतील, मग घराचं काय?  ती धोतर घेऊन विहिरीवर गेली. आज जेवताना माझ्या ताटात तिनं सगळं नीट वाढलं, फक्त समोर बसली नाही.

तिचं चूक नाही. पण कामाला वेळ लागतो, हे बायकांना कळत नाही.

९ डिसेंबर, शुक्रवार

जिनिंगचं काम पुरं झालं. सगळ्या ट्यूबा एका दमात पेटल्या, लुकलुकणं नाही, घुरघुर नाही. चोकवर तळहात ठेवून मी पाहत बसलो, कोमट. उत्तमरावांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि दुसऱ्या जिनिंगवाल्यांना माझं नाव सांगतो म्हणाले. ज्याची वाट पाहिली ते मिळालं. घरी येताना मला कुणाला सांगावंसंच वाटेना.

१२ डिसेंबर, सोमवार

काम आटोपल्यामुळे सवड झाली, म्हणून आज अकोल्याला गेलो. पिशवीत तो उकललेला चोक होता. बडनेऱ्याला गाडी बदलताना परत फिरावंसं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

खुशालराव आणि गोदाबाई ओसरीवर संत्री निवडत होते. मी चोक त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. पंधराचा चोक विसाच्या ट्यूबला लावला, वीज जास्त झाली, डांबर वितळलं आणि ओटीत पडलं. माझ्या बहिणीचा त्यात काही संबंध नाही. सांगताना माझी नजर संत्र्यांवरच होती.

गोदाबाईंनी डांबराला नख लावून पाहिलं. खुशालराव म्हणाले, "एवढंच होतं तं त्या दिवशी काहून नाही बोलले?"

घाबरलो होतो, असं मी म्हणालो. ते खरं होतं, पण पुरं नव्हतं. कशाला घाबरलो होतो ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

 मग गोदाबाईंनी विचारलं की हे पडलं तेव्हा गरम होतं काय. मी म्हणालो, उकळतं होतं, मनगटाला फोड आला होता.

"मले वाटलं थंडगार होतं," त्या म्हणाल्या. "पोरगी हालली बी नाही. गरम असतं तं ओरडली असती, म्हणून मी म्हणलं हे साधं नोहे. अन् तिनं पदर धरून ठेवला? ओटी सांडू नाही म्हणून?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खुशालरावांनी मला पाणी दिलं, मग जेवायला बसवलं. माघात लग्न करू म्हणाले. नेरपिंगळाईला नाही म्हणून निरोप पाठवतो म्हणाले. ते मला रागावले असते तर सोपं गेलं असतं. परतीच्या गाडीत मात्र छातीवरचं ओझं उतरलं. उशीर झाला, पण मी ते केलं.

१३ डिसेंबर, मंगळवार

सकाळी सगळ्यांसमोर सांगितलं. आधी चोकचं, मग अकोल्याचं. माय रडली, मग साखर शोधायला लागली. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, टोमणा मारला नाही, मळ्यात निघून गेले. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

सुभद्रा तुळशीजवळ शेवंती निवडत बसली होती. मी शेजारी बसलो. वाटलं होतं, ती रडेल किंवा हसेल.

"जिनिंगचं काम पुरं झालं काय?" तिनं विचारलं.

झालं, म्हणालो.

"मले वाटलंच. म्हणून गेला तू अकोल्याले." ती फुलं निवडतच होती. "डांबर हाये ते मी त्याच दिवशी ओळखलं, दादा. रॉकेलनं निघालं तवाच. मले वाटलं, तू सकाळी सांगशीन. मंग वाटलं, मामा निरोप घेऊन आले तवा सांगशीन. हाराची बाई आली तवा तं तू चपला घातल्या होत्या."

मग तूच का नाही बोललीस, असं मी विचारलं. माझ्या तोंडून ते निघालं, काय करू?

"तुयं काम गेलं असतं," ती म्हणाली.

मी तिचा हात धरायला गेलो. मनगटावर डाग राहिला आहे, पावलीएवढा. तिनं हात ओढून घेतला नाही, पण फुलंही सोडली नाहीत.

"मी त्या घरी जाईन. माणसं चांगली हायेत," ती म्हणाली. "पण पहिल्या दिवाळीले मले घ्यायले तू येऊ नको. बाबाले पाठव."

आमच्यात पहिल्या दिवाळीला बहिणीला आणायला भाऊच जातो. भाऊ असताना बाप जात नाही. जिला भाऊ नाही, तिलाच बाप आणतो.

मी बरं म्हणालो. ती टोपलं घेऊन मायकडे गेली आणि भिंतीची सुई काढून हार गुंफायला बसली.